घबराटीचा बागुलबुवा

धरणातून पाणी सोडायचे असो, साथीचे रुग्ण वाढत असोत की डोंगराला भेग पडलेली असो, आपल्याकडच्या सरकारी निवेदनात एक वाक्य ठरलेले असते : ‘नागरिकांनी घाबरून जाऊ नये, अफवांवर विश्वास ठेवू नये.’ या वाक्यामागे एक सिद्धान्त आहे. तो कुठल्या परिपत्रकात लिहिलेला नसतो. पण नियंत्रण कक्षात, पत्रकार परिषदेआधीच्या बैठकीत आणि आम्हा प्रशिक्षकांच्या वर्गातही तो गृहीत धरलेला असतो. सिद्धान्त असा : संकटात सामान्य माणसाचे भान सुटते, त्याला सगळे खरे सांगितले तर तो सैरावैरा पळतो आणि मूळ संकटात मरणार नाहीत इतकी माणसे त्या पळापळीत मरतात. म्हणून माहिती जपून, उशिरा आणि शक्यतो गोड करून द्यावी.

आपत्ती व्यवस्थापनाचे प्रशिक्षण देणे आणि आपत्तीच्या वेळी लोकांशी बोलणे हे माझे काम आहे. त्यात हा सिद्धान्त मला पावलोपावली भेटतो. त्याचा पुरावा मात्र क्वचितच भेटतो. तरीही पूर्वपक्ष नीट मांडल्याशिवाय खंडनाला अर्थ नाही, म्हणून आधी त्याचीच बाजू मांडतो.

पूर्वपक्षाजवळ उदाहरणे आहेत. २६ जुलै २००५ च्या प्रलयानंतर दोन दिवसांनी मुंबईत जुहूच्या नेहरूनगर वस्तीत रात्री अफवा पसरली की पाणी येते आहे; कुणी म्हणे धरण फुटले, कुणी म्हणे सुनामी आली. अंधारात, अरुंद गल्ल्यांत माणसे धावली आणि डझनाहून अधिक जण चेंगरून मेले. त्याच वर्षी २५ जानेवारीला वाईजवळ मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरीने तीनशेच्या घरात बळी घेतले. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर २३ जण गेले. १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगची बातमी फुटताच लाखो लोकांनी सुरत सोडले. आणि ३१ मार्च २०२० ला तर सर्वोच्च न्यायालयानेच नोंदवले की, टाळेबंदी तीन महिन्यांहून अधिक चालणार या खोट्या बातमीने घबराट माजली आणि त्यातून मजुरांचे स्थलांतर झाले. कायदाही याच बाजूचा दिसतो. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ५४ नुसार घबराट उडवणारा खोटा इशारा देणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

एवढी सामग्री असताना ‘लोक घाबरतात’ हे नाकारायचे कशाच्या जोरावर? उत्तर याच उदाहरणांत आहे. फक्त ती एकेक करून उलगडावी लागतात.

मांढरदेवी आणि एल्फिन्स्टन यांना आपण ‘घबराटीचे बळी’ म्हणतो. मांढरदेवीला चढ अरुंद होता, नारळाच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या आणि खालून रेटा थांबत नव्हता. एल्फिन्स्टनला पाऊस होता, जिना जुना व अपुरा होता आणि एकामागून एक लोकल माणसे ओतत होत्या. गर्दीचा अभ्यास करणारे अमेरिकन अभियंते जॉन फ्रुइन यांनी दाखवून दिले आहे की, एका चौरस मीटरमध्ये सात माणसे झाली की गर्दी द्रवासारखी वागू लागते. लाट येते, माणूस उचलला जातो, पाय जमिनीवर टिकत नाहीत. छातीवरच्या दाबाने श्वास कोंडतो आणि तो उभ्या उभ्या मरतो. त्याच्या मनात त्या क्षणी भीती होती की भक्ती, याने काही फरक पडत नाही. मागचा माणूस तर पुढे काय चालले आहे हे न कळल्यामुळे ढकलत असतो. म्हणजे तिथे माहिती जास्त झालेली नसते, कमी पडलेली असते. एल्फिन्स्टनला लष्कराने बांधलेला नवा पादचारी पूल फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला झाला. उपाय रुंदीचा निघाला, मुंबईकरांना धीर धरायला शिकवण्याचा नव्हे. मृत्यूचे कारण रचनेत असताना ते लोकांच्या स्वभावात शोधणे सोयीचे असते. चौकशीची दिशाच बदलते.

दुसरा गट पलायनाचा. सुरत सोडणे ही घबराट होती का? साथ कशाची, किती पसरली, औषध कुठे मिळते, याबद्दल परस्परविरोधी विधाने होत होती आणि शहर सोडणाऱ्यांत खासगी डॉक्टरही होते. औषध जाणणारा माणूस गाशा गुंडाळतो हे पाहून कारागीर गावाकडची गाडी धरतो, तर त्याची विवेकबुद्धी शाबूत आहे असेच म्हणावे लागेल. २०२० च्या मजुरांचेही तेच. २४ मार्चला रात्री आठला घोषणा झाली आणि चार तासांनी ती लागू झाली. रेल्वे आधीच थांबली होती, रोजगार बंद झाला होता आणि खोलीचे भाडे काही थांबणार नव्हते. एकवीस दिवसांची म्हणून सांगितलेली टाळेबंदी वाढत वाढत ३१ मेपर्यंत गेली. ज्याला अफवा म्हटले गेले तिच्या आकड्यात चूक होती, दिशेत नव्हती. न्यायालयाचा आदर राखून म्हणावेसे वाटते की, ती माणसे खोट्या बातमीमुळे कमी आणि खऱ्या हिशेबामुळे जास्त निघाली होती.

उरले नेहरूनगर. तिथे अफवा होती, धाव होती आणि मृत्यूही होते. पण अफवा कशी जन्मते याचा शास्त्रीय विचार झालेला आहे आणि त्याची पायाभरणी भारतीय संशोधकांनी केली आहे, हे आपल्याला फारसे ठाऊक नसते. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर जमुना प्रसाद यांनी फिरणाऱ्या अफवा गोळा केल्या आणि पुढच्या वर्षी त्यांवर निबंध प्रसिद्ध केला. पुन्हा भूकंप होणार, प्रलय येणार, अशा भयंकर अफवा जिथे धक्का जाणवला पण पडझड दिसली नव्हती अशा भागात होत्या. पुढे १९५० च्या दार्जिलिंग दरडींनंतर दुर्गानंद सिन्हा यांनी प्रत्यक्ष विध्वंस पाहिलेल्या लोकांत पाहणी केली. तिथे येऊ घातलेल्या महासंकटाच्या तशा अफवा आढळल्या नाहीत. या दोन नोंदींतील फरकाने अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंजर चकित झाले आणि १९५७ मध्ये मांडलेल्या त्यांच्या प्रसिद्ध सिद्धान्ताला तिथून चालना मिळाली. ज्याला भीती वाटते पण भीतीचे कारण समोर दिसत नाही, तो कारण तयार करतो. ज्याच्यासमोर सत्य उघडे आहे त्याला कल्पनेची गरज उरत नाही.

ऑलपोर्ट आणि पोस्टमन या मानसशास्त्रज्ञांनी १९४७ मध्ये हेच सूत्ररूपात मांडले : अफवेचा जोर म्हणजे विषयाचे महत्त्व गुणिले त्याची संदिग्धता. महत्त्व कमी करणे कुणाच्याच हाती नसते. माणसाला जीव प्यारा असतो. संदिग्धता मात्र प्रशासनाच्या हातात असते. गुणाकारात एक बाजू शून्य झाली की उत्तर शून्य येते. दोन दिवस वीज नाही, फोन नाही, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाल्यावर पुढे काय हे सांगणारा कुणी नाही, अशा वस्तीत ती रात्र आली होती. नेहरूनगरने दाखवले ते मौनाचे परिणाम. पूर्वपक्षाने मांडलेला सगळ्यात भक्कम पुरावा असा त्याच्याच विरुद्ध साक्ष देतो.

आता संशोधनाचा कौल. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या लष्कराला चिंता होती की, शहरावर अणुबॉम्ब पडला तर जनता भान हरपेल का. त्यासाठी शिकागोत लष्कराच्या पैशाने पूर, स्फोट, वादळे यांतील माणसांच्या वर्तनाचा अभ्यास सुरू झाला. चार्ल्स फ्रिट्झ आणि एन्रिको क्वारँटेली यांच्यासारख्यांनी घटनास्थळी जाऊन मुलाखती घेतल्या. हाती आले ते अपेक्षेच्या उलट. सैरावैरा, स्वतःपुरती, दुसऱ्याला तुडवत केलेली पळापळ फारच विरळा निघाली. माणसे आधी घरच्यांना शोधतात, मग शेजाऱ्याला हाक मारतात, मग ढिगारा उपसतात. १९५४ च्या निबंधात क्वारँटेली यांनी घबराट केव्हा होते तेही सांगितले : सुटकेची वाट मिटत चालली आहे असे वाटले आणि आपण एकटे व हतबल आहोत अशी भावना झाली तर. ओहायो स्टेट विद्यापीठात १९६३ मध्ये स्थापन झालेल्या आपत्ती संशोधन केंद्रातून पुढची कित्येक दशके हाच निष्कर्ष बळकट होत गेला.

आपल्याला अमेरिकेपर्यंत जायची गरजही नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर जमीनदोस्त झाला, तेव्हा बाहेरची मदत पोचण्याआधी दगडमातीच्या ढिगाऱ्यांतून माणसे काढली ती वाचलेल्या गावकऱ्यांनी. २००५ मध्ये पाण्यात अडकलेल्या अनोळखी माणसांना मुंबईकरांनी घरात घेतले, हात धरून साखळ्या केल्या. हे प्रसंग आपण ‘मुंबईचे स्पिरिट’ म्हणून मिरवतो आणि पुढच्या इशाऱ्याच्या वेळी त्याच मुंबईकराला भेदरट समजतो. दोन्ही एकदम खरे कसे असेल?

प्रशिक्षणवर्गात मी अधिकाऱ्यांना विचारतो, पूर आल्यावर लोक काय करतील? उत्तर येते, पळापळ, गोंधळ. मग विचारतो, तुमच्या घरात पाणी शिरले होते तेव्हा तुम्ही काय केलेत? वर्ग गप्प होतो आणि मग एकेक जण सांगू लागतो : आईला वर नेले, शेजारच्या आजींचे सामान उचलले, गॅस बंद केला, साहेबांना फोन लावला. घाबरणारे लोक कायम दुसरेच असतात. वर्गात बसलेल्यांपैकी कुणीच त्यांच्यात नसतो.

इथपर्यंत चुकीचे निदान झाले. पण चुकीच्या निदानावरचे औषध विषारी ठरते, हा माझा मुख्य आक्षेप आहे. ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कच्या उत्तर मनोऱ्यावर विमान आदळल्यावर दक्षिण मनोऱ्यात ध्वनिक्षेपकावरून सांगण्यात आले की ही इमारत सुरक्षित आहे, आपापल्या जागी परत जा. थोड्याच वेळात, ९ वाजून ३ मिनिटांनी दुसरे विमान तिथेच आदळले. १६ एप्रिल २०१४ ला दक्षिण कोरियात सेवोल ही नौका कलली. ‘जिथे आहात तिथेच थांबा’ अशी सूचना पुन्हा पुन्हा दिली गेली. शाळेची मुले आज्ञाधारकपणे थांबली. कप्तान निसटला. ३०४ जण बुडाले.

इटलीतल्या लाक्विला शहराची गोष्ट तर माझ्या धंद्यातल्या प्रत्येकाने पाठ करावी अशी आहे. २००९ च्या सुरुवातीला तिथे लहान धक्के बसत होते. ३१ मार्चला तज्ज्ञांची बैठक झाली आणि त्याच सुमारास नागरी संरक्षण विभागाच्या उपप्रमुखांनी दूरचित्रवाणीवर सांगितले की धोका नाही, उलट ऊर्जा निघून जाते आहे. धक्का बसला की घराबाहेर रात्र काढण्याची तिथली जुनी रीत होती. काही कुटुंबांनी हा दिलासा ऐकून ती मोडली. ६ एप्रिलला पहाटे साडेतीनच्या सुमारास भूकंपाने तीनशेहून अधिक बळी घेतले. खटल्यात शास्त्रज्ञ अपिलात सुटले, त्या उपप्रमुखांची शिक्षा मात्र कमी होऊनही कायम राहिली. भूकंपाचे भाकीत करता येत नाही हे खरेच. पण करता येत नाही एवढे सांगणे आणि होणार नाही असे सांगणे यांत माणसांच्या जिवाइतके अंतर आहे.

आपल्याकडची अडचण तर भीतीची नाहीच. न हलण्याची आहे. कोल्हापूरकर राजाराम बंधाऱ्याची पातळी फुटांत बोलतो : ३९ ला इशारा, ४३ ला धोका. सांगलीकराला आयर्विन पुलाचे ४० आणि ४५ पाठ असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी चढत होते तेव्हा नदीकाठची घरे एक हिशेब मांडून बसली : २००५ ला पाणी त्या पायरीपर्यंत आले होते, यंदाही तेवढेच येईल. आयर्विनखाली पाणी ५७ फुटांपलीकडे गेले. माणसे माळ्यावर अडकली आणि ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला बोट उलटून पंधराहून अधिक जणांचा जीव गेला. हे गाव घाबरून लवकर निघाले असते तर? मे २०२१ च्या तौक्ते वादळाचा इशारा आधीच दिलेला होता, तरी पी-३०५ हा तराफा समुद्रातच राहिला आणि त्यावरचे व सोबतच्या टगवरचे मिळून सत्तरहून अधिक जण गेले. तिथे निर्णय घेणारी मंडळी जमाव नव्हती, जाणकार होती.

मग पुराव्याविना हा समज टिकला कसा? त्याची मुळे सत्तेच्या नजरेत आहेत. गुस्ताव्ह ल बाँ यांचे जमावाच्या मानसशास्त्रावरचे फ्रेंच पुस्तक १८९५ मध्ये आले. त्यात जमावातला माणूस म्हणजे बुद्धी गहाण टाकलेला प्राणी. दोन वर्षांनी, १८९७ मध्ये, पुण्यात प्लेग आला. साथरोग कायदा झाला आणि रँडच्या समितीने लोकांना समजावून सांगण्याऐवजी सोजिरांकरवी घरे झडती घेऊन रिकामी केली. २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. त्याच प्लेगात, त्याच पुणे परिसरात सावित्रीबाई फुले रुग्णांना मुलाच्या, डॉक्टर यशवंतरावांच्या, दवाखान्यात पोचवत होत्या आणि १० मार्चला त्याच रोगाने गेल्या. लोकांना जमाव समजणारे आणि लोकांना माणसे समजणारे, असे दोन आपत्ती व्यवस्थापक एकाच वर्षी एकाच शहरात काम करत होते. दुर्दैवाने कार्यालयात परंपरा चालली ती पहिल्याची. तो १८९७ चा कायदाच २०२० मध्ये पुन्हा बाहेर काढावा लागला.

ली क्लार्क आणि कॅरन चेस या अभ्यासकांनी २००८ मध्ये म्हटले की, संकटात खरी घबराट अनेकदा वरच्या खुर्च्यांवर असते. माझा अनुभव याला दुजोरा देतो. ‘लोक घाबरतील’ या वाक्याचा बऱ्याचदा अर्थ असतो, ‘उद्या काही झाले नाही तर मला जाब विचारतील.’ कायद्याचा कलही तसाच आहे. खोटा इशारा देण्याला नाव घेऊन शिक्षा आहे. खरा इशारा दडपण्याला मात्र कर्तव्यात कसूर अशा सर्वसाधारण कलमाखाली शोधावे लागते. अधिकारी गप्प राहण्याकडे झुकला तर नवल काय?

दोन गोष्टी मात्र मान्य केल्या पाहिजेत. बंद दार, एकच जिना, अंधार अशा सापळ्यात घबराट खरोखर होते. क्वारँटेलींनी तेच सांगितले होते आणि त्यावर उपाय म्हणजे उघडे दार. दुसरे, पुन्हा पुन्हा फसलेल्या इशाऱ्यांनी ‘लांडगा आला रे’ होते. पण इशारा फसण्याने जेवढा विश्वास जातो त्याहून जास्त जातो तो का फसला हे न सांगण्याने. ओडिशाने हे करून दाखवले आहे. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसे गेली. मे २०१९ मध्ये फनी येण्याआधी जवळजवळ बारा लाख लोक हलवले गेले. मृतांची संख्या ६४ वर थांबली. मधल्या वीस वर्षांत ओडिया माणसाचा स्वभाव बदलला नाही. निवारे झाले, स्वयंसेवक तयार झाले, भोंगे आणि मोबाइल संदेश आले. त्याला वेळेवर, स्पष्ट आणि कुठे जायचे यासकट सांगितले जाऊ लागले.

तेव्हा मंडन असे. डेनिस मिलेटी आणि जॉन सोरेन्सन यांनी इशाऱ्यांचा अभ्यास करून सांगितले की चांगल्या संदेशात पाच गोष्टी हव्यात : कोण बोलतो आहे, संकट काय, कुठे, केव्हा आणि काय करायचे. ‘अमुक हजार क्युसेक विसर्ग सुरू, नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे’ यात यांपैकी किती आहेत ते मोजा. क्युसेक अभियंत्याला कळतो. घरातल्या आजीला पायरी कळते. त्याऐवजी असे सांगता येईल : ‘ही सूचना तहसीलदार कार्यालयाची आहे. आज रात्री दहाला धरणातून जास्त पाणी सोडणार आहोत. पहाटेपर्यंत ते मारुतीच्या देवळाच्या पायरीला लागेल असा अंदाज आहे. अंदाज चुकला तर त्याहून वरही येईल. तळमजल्यावरच्या सर्वांनी नऊच्या आत शाळेत जावे. औषधे, रेशनकार्ड, चार्जर सोबत घ्यावा. गुरांची दावी सोडावीत. पुढची माहिती साडेदहाला याच भोंग्यावरून देऊ.’ यात भीती आहे. ती असलीच पाहिजे, कारण भीतीला इथे पाय दिले आहेत.

माणूस इशारा ऐकून लगेच उठत नाही. तो खिडकीतून बघतो, मेहुण्याला फोन करतो, गल्लीत विचारतो. हे अविश्वासाचे लक्षण नव्हे, पडताळणी आहे. म्हणून एकच गोष्ट भोंग्यावरून, मोबाइलवरून, पोलीस पाटलाकडून आणि देवळातून एकसारखी ऐकू आली पाहिजे. ठरलेल्या वेळी बोलले पाहिजे, सांगण्यासारखे नवे काही नसले तरी. आणि जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही असे म्हटले पाहिजे. रंगीत तालमीतही बदल हवा. आज ती अग्निशमन दलाच्या शिडीवर आणि समूहछायाचित्रावर संपते. तिथे अधिकाऱ्यांनाही एक परीक्षा द्यायला लावावी : अर्धवट माहिती हातात आहे, पाच मिनिटांत गावाला पहिले वाक्य काय सांगाल?

२०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ आहे. याच नाशिकमध्ये २७ ऑगस्ट २००३ ला चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले होते. आयोजकांनी आतापासून ठरवावे की गर्दीची घनता, बंद झालेला रस्ता आणि उघडलेला रस्ता भाविकांना क्षणोक्षणी सांगितला जाईल. ‘शांतता राखा’ एवढेच नव्हे. आणि वाचकांना एकच विनंती. पुढच्या वेळी एखादे निवेदन ‘घाबरू नका’ म्हणून थांबले तर तिथे थांबू नका. पाणी कुठवर, किती वाजता, मी कुठे जाऊ आणि पुढची माहिती कधी, हे चार प्रश्न तलाठ्याला, नगरसेवकाला, जिल्हाधिकाऱ्याला विचारा. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.